वीरण्णांच्या नंदीचे कान

मु. शिवणखेडी, ता. उदगीर, जि. लातूर
(उस्मानाबाद नव्हे, मामा. जिल्हा बदलून वर्ष होत आलं तरी तुमची पत्रं अजून जुन्या जिल्ह्याला प्रदक्षिणा घालूनच येतात.)

तीर्थस्वरूप गुरुपादप्पा मामांच्या पायी विरूपाक्षाचे शरणु शरणार्थ.

वीरण्णांच्या नंदीला एका दुपारी कान फुटले, आणि त्या घडीपासून माझं आयुष्य पहिल्यासारखं राहिलं नाही. पण ते पुढं येईल, आधी रीत. तुमचे गुडघे कसे आहेत? बिलोलीकडं पाऊस आहे का? इकडं गेलं साल तसं गेलं, औंदा मृग कोरडा गेला आणि आर्द्रा नुसती वारा घालून राहिली आहे. मामींना नमस्कार. गौरम्माला आशीर्वाद. (आशीर्वादच. हा शब्द मामींना दोनदा वाचून दाखवा.) आम्ही सगळे खुशाल आहोत, म्हणजे अप्पा माझ्याशी बोलत नाहीत, गाव माझं ऐकत नाही, आणि येत्या सोमवारी वीरण्णांच्या महादेवीचा साखरपुडा आहे. तो माझ्याशी नाही. आणि मामा, तो जुळवला मीच.

कॉलेज मी सोडलं हे अप्पांनी कळवलं असेलच, का सोडलं ते मात्र चुकीचं कळवलं असणार. नांदेडला इतिहासाच्या तासाला सर म्हणाले, लातूर म्हणजे तुरीचा बाजार, तिथं कसला आलाय इतिहास. मी उभा राहिलो. म्हणालो, राष्ट्रकूट राजे स्वतःला 'लट्टलूरपुरवराधीश्वर' म्हणवून घ्यायचे; वेरूळचं कैलास लेणं ज्या घराण्यानं खोदवलं ते आपलं मूळ गाव लट्टलूर सांगायचं, आणि जाणकार म्हणतात की ते लट्टलूर म्हणजे आपलं लातूर. सर म्हणाले, खाली बस. मी बसलो नाही. (बसलो असतो तर आज दुसरं वर्ष पास असतो.) उभा होतोच, तसाच चालत स्टँडवर आलो आणि उदगीरची गाडी धरली. तुम्हीच सांगा, अर्ध्या हिंदुस्थानावर हुकूम चालवणारे ज्या गावाचं नाव मिरवायचे, त्या गावाला साधा जिल्हा व्हायला हजार वर्षं लागली, आणि एवढं सांगितलं तर आम्ही खाली बसायचं?

वीरण्णा तुमच्या ओळखीचे आहेत. उदगीरच्या मोंढ्यात आडत, राहायला आमच्याच गावात, आणि आमचे अप्पा त्यांच्याच आडतीवर मुनीम. त्यामुळं आमच्या घरात वीरण्णांच्या विरुद्ध खोकायचीसुद्धा सोय नाही. त्यांच्या परसात जुनी दगडी बारव आहे, पायऱ्या-पायऱ्यांची. वीरण्णांच्या आजोबांनी ती भिंतीच्या आत घेतली आणि गेल्या उन्हाळ्यात वीरण्णांनी तिला लोखंडी दार बसवून कुलूप घातलं. पाणी स्वच्छ राहावं म्हणून, असं ते म्हणतात. (स्वच्छ राहतं हे खरं आहे. ज्याला कोणी शिवत नाही ते स्वच्छच राहणार.) गाव टँकरच्या मागं घागरी घेऊन पळतं आणि कुलपाची किल्ली महादेवीच्या कमरेला असते. मी त्या किल्लीकडं बघायला लागलो ते इतिहासाच्या ओढीनं, असं मी स्वतःला पुष्कळ दिवस सांगत होतो.

तर नव्या जिल्ह्याच्या पहिल्या वाढदिवसाला स्मरणिका निघणार आहे आणि गावोगावचा इतिहास मागवलाय. वीरण्णांनी मला बोलावून गावाचा इतिहास लिहायला सांगितलं, अट एकच: बारवेच्या तोंडाशी त्यांच्या घराण्याचा नंदी आहे, तो फोटोसकट यायला हवा. दगडाची उभी शिळा, वर सूर्य-चंद्र, मधे कानडी अक्षरं, खाली शेंदरानं थापलेला एक गोळा. तोच नंदी. वीरण्णांच्या आई, नागुबाई, त्याला रोज हळदकुंकू वाहतात. मी ठसा घ्यायला अक्षरांवर ओला कागद थापत होतो, महादेवी किल्ली घेऊन पायरीवर उभी होती, आणि माझं लक्ष जिथं असायला नको तिथं असल्यानं कोपर खाली आपटलं. पिढ्यान् पिढ्यांचा शेंदूर, उन्हानं तडकलेलाच होता, खापरासारखा सुटून पडला.

आतल्या जनावराला वशिंड नव्हतं. कान मात्र हे एवढे.

महादेवी वाकून बघते तर तिच्या तोंडून, "अय्यो, कत्ते!" (उदगीरकडचं कानडी तुम्हाला नवीन नाही: गाढव.) आणि मग ती जी हसायला लागली मामा, पदराचा बोळा तोंडात घालून, ते बघून माझं जे काय व्हायचं होतं ते तिथंच झालं.

अशा दगडाला गद्धेगाळ म्हणतात. जुन्या काळी कोणी जमीन किंवा पाणी धर्मादाय दिलं की असा दगड रोवायचे: सूर्य-चंद्र असेपर्यंत हे दान चालू राहील आणि मोडील त्याला गाढवाचा शाप. शाप कसला, ते वडीलधाऱ्या माणसाला लिहिण्यासारखं नाही. एवढंच सांगतो की दान मोडणाऱ्याच्या आईचा त्यात संबंध येतो, आणि नागुबाई रोज सकाळी त्याच जनावराला नमस्कार करून चहा घेतात. अक्षरं हळेकन्नड, म्हणजे जुन्या कानडीतली आहेत. मला लागलं ते असं, की देवाच्या न्हाणाचं पाणी दगडी नळानं ह्या बारवेत आणलंय आणि ते वाटसरूंसाठी, गुराढोरांसाठी, सगळ्यांसाठी आहे. म्हणजे शाप कुणाला लागू होतो ते कुलुपाकडं बघितलं की कळतं. महादेवी हसायची थांबली. म्हणाली, "माझ्या अप्पाला आत्ताच सांगू नगं. तू सांगितलंस की भांडण होतंय, अन् भांडण झालं की तुझं इथलं येणं बंद." तिला माझं येणं बंद व्हायला नको आहे, हे माझ्या ध्यानात यायला घरी पोचावं लागलं.

आता दुसरीकडं काय चाललं होतं ते ऐका. पाऊस लांबला की आमच्याकडं महादेवाला कोंडतात, तुमच्याकडंही असेल. गाभाऱ्याच्या उंबऱ्यावर विटा-चिखलाचा बांध घालायचा, गोमुखात चिंध्यांचा बोळा ठोकायचा, आणि सोमवारी घरटी घागर ओतून पिंड बुडवायची. देवाचा जीव गुदमरला की तो पाऊस सोडतो. तर ह्या वर्षी पिंड बुडेना. टँकरचं पाणी, लेकरांच्या तोंडचं, बायांनी आणून ओतलं. गुडघ्याएवढं चढायचं आणि बघता बघता उतरायचं. गावात पाप झालंय, एवढ्यावर सगळ्यांचं एकमत झालं. कुणाचं, हे शोधायला ग्यानोबा पाटील पुढं झाले आणि त्यांना फार लांब जावं लागलं नाही; शेंदूर पडल्याचं नागुबाईंनी गावभर केलंच होतं. "नंदीचं कातडं सोलून आलाय ह्यो कालेजवाला," ते पारावर म्हणाले, "अन् पिंड बुडंल कशी?" ठरलं असं: पुढच्या सोमवारी पिंड बुडाली तर ठीक, नाही बुडाली तर मी वेशीपासून देवळापर्यंत लोटांगण घालायचं आणि गाव सोडायचं. अप्पा तिथंच बसले होते. त्यांनी मान खाली घातली. ते मला लोटांगणापेक्षा जास्त लागलं.

पण मला कळलं होतं ना पाणी कुठं जातंय! गोमुखाला बोळा ठोकून काय होतं, खालचा दगडी नळ उघडाच आहे. गाव पदरचं पाणी देवाला घालतंय आणि ते जमिनीखालून थेट वीरण्णांच्या कुलुपात. मी महादेवीला सांगितलं. ती म्हणाली, "कपड्याला घालायची नीळ टाक गाभाऱ्यात. बारवेत निळं पाणी आलं की कुणाला काय सांगायला नगं."

"महादेवावर नीळ?"

"त्याचा गळा निळाच हाय की. त्याला काय नवीन हाय?"

आता मामा, ही मुलगी सांगते तसं मी केलं असतं तर हे पत्र लिहायची वेळ आली नसती. पण दुकानात नीळ मिळाली नाही (दुकानदार ग्यानोबांच्या पार्टीचा, मला काडेपेटीसुद्धा देत नाही) आणि माझं डोकं तापलेलं. वीरण्णांच्या आडतीवर वसमतची हळद पडली होती. म्हटलं, नीळ काय नि हळद काय, रंगाशी मतलब. शिवाय देवाला हळद चालते की नाही, ह्यावर कुणी भांडणार नाही. उपरण्यात मावली तेवढी बांधून घेतली.

सोमवारी सगळं गाव जमलं. बाया घागरी ओतत होत्या, पाणी चढून उतरायला लागलं, ग्यानोबांनी माझ्याकडं बोट केलं, आणि मी उपरणं गाभाऱ्यात उपडं केलं. म्हटलं, चला वीरण्णांच्या बारवेवर, पाप कुठं साठतंय ते दाखवतो. मी पुढं, गाव मागं. आयुष्यात पहिल्यांदा माझ्यामागं गाव होतं. पेशव्यांच्या भाऊसाहेबांनी आमच्या उदगीरला निजामाला हरवलं तेव्हा त्यांची छाती अशीच फुगली असेल. उदगीरहून ते तसेच पुढं पानिपतावर गेले. मी वीरण्णांच्या परसात गेलो.

तिथं लातूरची पाहुणे मंडळी बसलेली. महादेवीला बघायला. डाळमिलवाले लोक, मुलगा शिवमूर्ती, पांढरा सदरा, सोन्याची बटनं. प्रवासातून आलेली माणसं, वीरण्णांनी मानानं बारवेचं ताजं पाणी काढायला लावलं होतं, आणि आमचा घोळका दारात पोचतो तोच शिवमूर्तीनं दोन ओंजळी तोंडावर मारून मान वर केली. पिवळा धमक. कपाळ, गाल, कानाच्या पाळ्या, सदऱ्याची कॉलर.

नागुबाईंनी हात जोडले. "महादेवानं हळद लावली गं बाई! माझ्या नातजावयाला महादेवानं हळद लावली!"

मग काय विचारता. हलगी आली. जे ग्यानोबा मला गावाबाहेर काढणार होते ते डोळे पुसायला लागले. लातूरच्या म्हाताऱ्यानं तिथल्या तिथं सुपारी फोडली. मी ओरडून सांगत होतो की ही मी टाकलेली हळद आहे, हे तुमच्याच घागरींचं पाणी आहे, कुलूप काढायला लावा! "गप रे," ग्यानोबा म्हणाले, "शुभकार्यात बोंबलू नगं. तुझ्या हातून देवानं करून घेतलं, आता तुझं लोटांगण माफ." आणि माझ्या हातात पेढा ठेवला. मी तो खाल्लाही. (सकाळपासून उपाशी होतो.) महादेवी आतल्या दारात उभी होती. तिनं फक्त ओठ हलवले, आवाज आला नाही, पण मला लख्ख कळलं: नीळ सांगितली होती.

आज परिस्थिती अशी आहे. बारवेला दुसरं कुलूप पडलंय, कारण ते आता तीर्थ झालं. वीरण्णा सकाळी पळीनं एकेकाला देतात. बाया डोक्यावरून आणून देवाला ओतलेलं आपलंच पाणी पुन्हा ओंजळीत घेऊन डोळ्याला लावतात आणि रिकामी घागर घेऊन टँकरकडं जातात. नंदीला नवा शेंदूर चढलाय, कानासकट. पिंड अजून उघडीच आहे, पण पापाचं नाव आता कोणी काढत नाही. स्मरणिकेत 'हळदीचा चमत्कार' असा मजकूर जाणार आहे आणि तो लिहायचं काम माझ्याकडं आहे.

तब्येतीची काळजी घ्या. गुडघ्यांना तिळाचं तेल लावा. पत्र संपवतो.

आपला भाचा,
विरूपाक्ष

ता. क. पत्राचं खरं कारण लिहायचं राहिलं. सोमवारी सकाळच्या पहिल्या गाडीनं नारळ घेऊन या. हा साखरपुडा मोडणार आहे, कसा ते अजून ठरायचंय, पण मोडला की त्याच पावली आमच्याकडून मागणी घालायला वडीलधारं माणूस दारात उभं पाहिजे. अप्पा मुनीम, त्यांचं तोंड उघडणार नाही. तुमच्याशिवाय मला कोणी नाही. गौरम्माचं नाव मामींनी माझ्यासाठी पाळण्यात घेतलंय हे मला ठाऊक आहे, म्हणून तर वर आशीर्वाद लिहिला. तिला माझ्यापेक्षा कमी तापट मुलगा मिळो, हेही मी मनापासून मागतो.

ता. क. दुसरा. तुमच्याशी खोटं बोलवत नाही. शिलालेखात 'सगळ्यांसाठी' असा शब्द आहे की नाही, हे मला नक्की लागलेलं नाही. तिथं दगडाचा टवका उडालाय. सर असते तर त्यांनी वाचला असता कदाचित. गाढव मात्र नक्की आहे.

ता. क. तिसरा. आत्ता, हे लिहीत असताना, महादेवी भर दुपारी आमच्या दारात येऊन गेली. दोन्ही किल्ल्या माझ्या कागदावर ठेवल्या (डाग पडलाय तो शेंदराचा आहे). मी म्हटलं, मामांना पत्र लिहितोय, सोमवारी ते नारळ घेऊन येतील. ती म्हणाली, "सोमवारपातूर गाव काय पळीनं पाणी पिणार हाय? मी बारवेपाशी थांबते. तू येऊन कुलूप काढ, सगळ्यांदेखत. माझा अप्पा विचारंल तर किल्ली मी दिली म्हणून मीच सांगते. लातूरवाल्यास्नी बी कळू दे, सून कसली हाय ती." शिलालेखाबद्दल माझी शंका तिला सांगितली. म्हणाली, "टवका उडाला तिथं माझं नाव लिव्ह."

(हे पाकिटावर लिहितोय, पत्र चिकटवून झालं. टँकर अजून आला नाही, बाया घागरी घेऊन वीरण्णांच्या गल्लीकडं निघाल्यात, कुणी सांगितलं कोण जाणे. पाकीट वाटेत कंडक्टरला देतो. किल्ल्या खिशात आहेत. अप्पा आतून म्हणाले, कुठं निघालास? चार दिवसांत पहिलंच बोलणं. पाणी भरायला, म्हटलं. बाहेर आलो आणि दार ओढून घेतलं.)