पिवळ्या गोळीचे दुष्परिणाम

उवाजिमा, ४ मार्च

तीर्थस्वरूप सौ. सुमिएताईस,

धाकट्या इसाओचा वाकून नमस्कार. (गुडघ्यामुळे अर्ध्यातच थांबलो, पूर्ण वाकलो असं धरून चालावं.) तिकडे कोबेला थंडी ओसरली असेल. भाऊजींची कंबर कशी आहे? इकडे अंगणातल्या उमेच्या झाडाला फुलं आलीत. माझ्या प्रकृतीचं म्हणशील, तर तेच सांगायला हे पत्र.

जानेवारीत आईच्या श्राद्धाला मी जे बोललो, ते मी बोललो नाही, गोळी बोलली. हसू नकोस, आधी वाच. आईच्या आजारपणापासून मी नैराश्यावरची गोळी घेतो, हे तुला ठाऊक आहेच. ती पांढरी, गोल, नावाजलेल्या कंपनीची. कोपऱ्यावरच्या औषधांच्या दुकानातल्या किरिनोबाई दर महिन्याला विचारायच्या, "हेच औषध जेनेरिकमध्ये देऊ का? स्वस्त पडेल." मी दर महिन्याला नको म्हणायचो. पण एकदा मागे सात म्हातारे रांगेत, त्यात शेजारची ओचीकाकू मुद्दाम घसा खाकरतेय, आणि किरिनोबाई इतक्या अदबीनं वाकल्या की मी हो म्हणून बसलो. भीड भिकेची बहीण म्हणतात ते काही खोटं नाही. घरी येऊन पाकीट उघडतो तर गोळी पिवळी, तीही लांबट!

सोबतचा माहितीचा कागद मी भिंग लावून वाचला, ही पुढची चूक. तोंडाला कोरड, घाम, जांभया, पोट बिघडणं. संध्याकाळपर्यंत मला सगळं झालं, तेही छापलेल्या क्रमानं. ओचीकाकूला सांगितलं तर म्हणते, "अरे, जांभया तर तू शाळेत असल्यापासून देतोयस. मास्तर तुला उगीच खिडकीशी बसवायचे का?" (हिला दुसऱ्याच्या दुखण्याचं कौतुकच नाही.) मग मी माझ्याच अकलेनं गोळी बंद केली. चार दिवस मान वळवली की डोक्यात वीज लकाकायची. गावच्या न्हाणीघरातून मी दुसऱ्याच्याच चपला घालून आलो, त्याही दोन्ही डाव्या. डॉक्टरांनी चांगलं झापलं. औषध तेच आहे, काही वेगळं जाणवलं तर मला येऊन सांगा, पण मनानं बंद करायचं नाही, म्हणाले. आता मुकाट्यानं घेतो.

सांगायचा मुद्दा, त्या कागदावर 'चिडचिड' असा शब्द स्वच्छ छापलाय. कात्रण सोबत जोडलंय, तांबडी रेघ माझी. एरवी भिक्षूंसमोर, सगळ्या पाहुण्यांसमोर मी तुला असं म्हटलं असतं का, की "आई शेवटी तुझं नाव विसरली, त्यात आजाराचा दोष नाही, तू येतच नव्हतीस"? तू जेवणाचा डबा न उघडताच उठलीस. मी तुला थांबवलं नाही, नुसता बसून राहिलो. त्याचं मला फार वाईट वाटतं. तेव्हापासून तू फोन उचलत नाहीस, आणि मी पाठवलेली संत्र्यांची पेटी तशीच परत आली. (निम्मी सडली होती. उरलेली एकट्यानं संपवली.) आपण दोघंच उरलोय, ताई. एका गोळीपायी बोलणं टाकू नकोस.

भाऊजींना नमस्कार.

तुझा,
इसाओ

ता. क. या महिन्यात पितरांना आठवायच्या विषुवदिनी आईच्या थडग्यावर पाणी घालायला ये. मी स्टेशनवर येईन. यायचं नसेल तर निदान 'पत्र पोचलं' एवढं कळव.

ता. क. २. पुराव्याला तारीख जोडावी म्हणून आत्ता औषधांची वही काढली. किरिनोबाई तिच्यात दर वेळी चिठ्ठी डकवतात. श्राद्ध ११ जानेवारीला झालं. पिवळी गोळी १४ तारखेला मिळाली. म्हणजे त्या दिवशी माझ्या पोटात ती जुनीच, भरवशाची पांढरी होती. पत्र फाडणार होतो, पण गुडघ्याबद्दलचं सगळं खरं आहे. कात्रण टाकून दे. बोललो तो मीच.

ता. क. ३. आई तुझं नाव विसरली नव्हती. विसरली ती माझं. शेवटचं दीड वर्ष ती मला 'सुमिए' म्हणूनच हाक मारायची, आणि मी ओ द्यायचो.