शेवटचं सावधान

कळस, ता. ११ एप्रिल १९९४

ती. सारजाअक्कास,
धाकट्या सावळारामाचा शि. सा. नमस्कार. वि. वि.

मला लकवा झालेला नाही, हे आधी सांगतो. नात जयाच्या लग्नासाठी रचलेलं मंगलाष्टक परवा ओट्यावर घोळवत होतो. शेवटचं 'सावधान' जरा लांबवलं, आणि 'धा'वरच तोंड उघडं राहिलं. मिटेचना! लाळ गळायला लागली, बोलता येईना. सगळे म्हणाले, वारं गेलं. सून रडायला लागली. माझ्या नागेशनं जीपमधून इंदापूरला दवाखान्यात नेलं. वाटेत मी मनात चौथीच्या कविता म्हणून पाहिल्या. एकही ओळ चुकली नाही.

डॉक्टरीणबाई जयाच्या वयाची. तिनं हात वर करायला लावले, फोटो काढला आणि हसली. जबडा निखळला होता. बुटक्या स्टुलावर बसवून तिनं आपल्या अंगठ्यांना पट्टी गुंडाळली, ते माझ्या खालच्या दाढांवर ठेवून खाली आणि मागं रेटलं. खट्! तू कोकराचा खुबा बसवायचीस, तस्सं.

आता हनुवटीखालून डोक्यावर पट्टी, खायला पेज, आणि सहा आठवडे तोंड बोटभरच उघडायचं. लग्न तर तीन आठवड्यांवर. नागेश म्हणतो, कॅसेट लावू. जयाला बारशातच शब्द दिलाय गं, अक्का.

तुझा, सध्या मुका
सावळाराम

कोऱ्हाळे बुद्रुक, ता. १७ एप्रिल

चि. सावळारामास सारजाचे आशीर्वाद. सून लिहितीय, बोल माझे हायेत.

पत्र दोनदा वाचून घेतलं. पयल्यांदा रडले, दुसऱ्यांदा हसून पोट दुखलं. लोकान्ला सावध करताना सवताच बेसावध! माझ्या एका मेंढराचा जबडा कधी निखळला न्हाय. त्यान्ला कविता येत न्हायत ना! जांभई आली की हनुवटीखाली मूठ लाव.

क्यासेट लावायची न्हाय. शब्द तू दिलाय, तूच म्हण, हळू म्हण. शेवटचं 'सावधान' माझ्याकडं. तेवढं तोंड अजून हाय मला.

माया हायच. पेज गिळत जा.

कळस, ता. ८ मे

ती. अक्कास शि. सा. न.

लग्न लागलं नि तू लगेच एसटी धरलीस, म्हणून कळवतो. फेट्याखाली पट्टी झाकून मी जे पुटपुटलो, ते पहिल्या रांगेपलीकडं गेलं नाही. अंतरपाटाआडून जया तेवढी मान डोलवत होती. मग तुझं 'सावधान' उठलं, आणि वाजंत्री वाजवायचेच विसरले!

काल मेंढपाळ बिरदेव भेटला. त्या दिवशी तो ओढ्यापलीकडं मेंढरं चारत होता. विचारत होता, मांडवातून हाक कुणी घातली? त्याचा सगळा कळप चरायचा थांबून मांडवाकडं निघाला होता म्हणे.

अक्का, आपल्या बाची मेंढरं तू राखलीस, म्हणून मला शाळा मिळाली. मी आत कविता घोकायचो, तेव्हा माळावरून हीच हाक खिडकीत यायची. मास्तर खिडकी लावून घ्यायचे.

लोभ आहे तसाच ठेव. हे लिहिताना जांभई आली नाही, तरी मूठ हनुवटीखाली लावावी लागली.

तुझा
सावळा