कडी कोणी काढली

ता. ९, सोमवार

दादा,

नमस्कार. इकडे सगळं ठीक, असं आधी लिहायचं असतं, तर लिहिलं. आईचे गुडघे कुरकुरतात, ती त्यांना दाद देत नाही. माझ्या जबड्याची तार निघाली. आता घास चावता येतो.

तुझी बातमी आईने कापून ठेवलीय. अगदी तुझ्या हातची: 'दारू पिऊन आला, घरात घुसला, बायकोचे केस धरले, भिंतीवर आपटलं, इस्त्री तोंडावर मारली, पळाला.' गुन्ह्यांचं पान तुझ्याकडे आलं तेव्हा मला शिकवायचास, "छोटे, 'आणि', 'मग', 'म्हणून' सगळे काढून टाक. वाचणाऱ्याला श्वास घेऊ द्यायचा नाही." निबंधात तसं लिहून मी वर्गात केवढा भाव खाल्ला होता!

पण त्या संध्याकाळी श्वास घ्यायला भरपूर वेळ होता रे.

त्याने बाहेरून हाक मारली आणि मी म्हटलं, उघडू नकोस. तू म्हणालास, नवरा आहे तुझा, माझा जुना मित्र आहे, शेजारी बघतायत. आणि कडी तू काढलीस. तो आत आला आणि तू बाजूला झालास. त्याने केस धरले आणि तू चष्मा सांभाळत "अरे, अरे" म्हणालास. डोकं आपटलं, दात जिभेत रुतले, मी रक्त गिळलं आणि तू बघत होतास. इस्त्री तापलेली होती, कारण तुझाच शर्ट करत होते. तिची वायर तुझ्या पायाशी होती. नुसती ओढायची होती.

पोलिसांनाही तू 'घुसला' एवढंच सांगितलंस. आता त्याचा वकील विचारतो, कडी शाबूत आहे, मग घुसला कसा? म्हणजे आपण सगळे खोटे. असं ठरलं तर तो सुटेल आणि सरळ माझ्याकडे येईल. मला भीती वाटते, दादा.

आईला काही बोलले नाही. ती अजून म्हणते, भाऊ घरात होता म्हणून पोरगी वाचली.

गुरुवारी तुझी साक्ष आहे. "तो आला आणि दार मी उघडलं," एवढंच सांग. तुझं नाक कापलं जाईल, ठाऊक आहे. माझा अर्धा चेहरा गेलाय.

सांगितलंस तर तसाच घरी जेवायला ये. नाहीतर येऊ नकोस. हल्ली कडी मीच लावते, मीच काढते.

गुरुवारपर्यंत तुझीच,
छोटी