ठेवलेलं नाव

५ जून, बुधवार

मेले! गुडघे माझे राहिलेले नाहीत.

सगळा दोष पुष्पवल्लीचा. प्रयोगशाळेत शेजारच्या टेबलावर बसते म्हणून तिला वाटतं माझ्या आयुष्यावरही तिचा हक्क आहे. म्हणाली, पाच वर्षं झाली तुला मलेशियात येऊन, या इपोहमध्ये तुला ओळखतं कोण? मी आणि तुझी घरमालकीण. खरं होतं म्हणून जास्त झोंबलं. मग गेले तिच्या टोळीबरोबर धावायला.

तीसेक माणसं. चिनी जास्त, मग तमिळ, दोन-तीन गोरे म्हातारे. दर बुधवारी एक जण ससा होतो. तो आधी जाऊन मळ्या-जंगलातून कागदाच्या पट्ट्या टाकत वाट आखतो, आणि बाकीच्यांनी, म्हणजे कुत्र्यांनी, ती हुंगत धावायचं. ससा लबाड असतो, मध्येच खोटी वाट काढून ठेवतो. खोट्या वाटेच्या शेवटी कागदाची फुली. फुली दिसली की पुढचा ओरडतो, "बालिक!" म्हणजे मागे फिरा.

मी चांगली मधोमध होते. तर मागे कुणीतरी हाका मारतंय. सू यिन अँटी, सत्तरीची बाई, काठी घेऊन चालते. बूट चिखलात रुतलेला. मागे गेले, बूट उपसला, तिला धरून आणलं. पोचलो तेव्हा सगळे गोल करून बियर पीत होते. गोलाचा म्होरक्या व्हिन्सेंट फू, टायरचं दुकान आहे त्याचं, आवाज ट्रकच्या हॉर्नसारखा. मला पाहून म्हणाला, "नवी बाई शेवटून पहिली! बसवा बर्फावर."

खरंच बर्फाची लादी होती. बसवलं तिच्यावर! सगळ्यांसमोर. मी का उशिरा आले ते कुणी विचारलं नाही, मीही सांगितलं नाही. ऐकायचं असेल तर विचारतील.

६ जून

बसता येत नाही, उठता येत नाही. व्हिन्सेंट फू, लक्षात ठेवलंय.

१२ जून, बुधवार

परत गेले. का गेले? घरी बसून काय करणार होते!

आज एक दंतवैद्य खोट्या वाटेवर भलतीकडेच गेला. ओरडणं ऐकू येईना म्हणून मी मागे जाऊन त्याला आणला. पुन्हा शेवटची. पुन्हा बर्फ. व्हिन्सेंट म्हणतो, "हिला जागा राखूनच ठेवा." सोयाबीनचं दूध वाढवून दिलं वर, बियर पीत नाही म्हणून. त्यावरही हशा.

तो स्वतः कायम पहिला. फाटा आला आणि एक वाट चढाची असली की हा कोंबड्यासारखा मान वर करून चढच धरतो. पन्नाशी उलटली तरी दाखवायची हौस. त्याच्यामागे कुणी जात नाही, चढाचा मक्ता त्याचा एकट्याचा.

१९ जून

ड्युरियनचे दिवस. घरमालकीण रोहायानं अख्खं फळ आणून दिलं, फोडूनही दिलं. हात पुसत नेहमीचा प्रश्न. "बालिक कधी?" परत कधी जाणार?

घर सोडायला सांगत नाही ती, माहीत आहे मला. इथे सगळेच विचारतात. टॅक्सीवाला विचारतो, कोंबडी-भात विकणारा विचारतो. जेवलात का म्हणावं तसं. पण पाच वर्षं रोज विचारलं की माणसाला वाटतं आपली बॅग दारात ठेवलेली आहे.

आणि जाऊ कुठे? आई गेली त्या वर्षीच भावानं साताऱ्याचा फ्लॅट विकला. फोनवर म्हणाला, तू काय, तिकडचीच झालीस आता. इकडचे म्हणतात तू तिकडची. छान. मी मधल्या हवेतली.

१० जुलै, बुधवार

दोनदा न्हाले, केसांतला बियरचा वास जात नाही.

सहावी धाव झाली की टोळी नाव ठेवते. रीतच आहे. पुष्पवल्लीचं नाव 'लो बॅटरी', दंतवैद्य 'अक्कलदाढ'. नाव सांगितलं की सगळे पोट धरून हसतात, डोक्यावर बियर ओततात. ठेवलेल्या नावाबद्दल तक्रार करायची नाही, केली तर याहून वाईट मिळतं. पुष्पवल्ली आज नव्हती, तिच्या मुलीची नाचाची परीक्षा.

व्हिन्सेंटनं मला गोलात उभं केलं. आधी सू यिन अँटीच्या कानात काहीतरी पुटपुटला. तिनं मान हलवली. मग म्हणाला, "आजपासून हिचं नाव बालिक."

बालिक. परत जा.

आणि कुणी हसलं नाही! एकही माणूस नाही. दंतवैद्यानं खाली पाहिलं. सू यिन अँटीनं चेहरा पुसला, बियर उडाली असेल. मग एकदम सगळ्यांनी बाटल्या वर केल्या नि माझ्या डोक्यावर ओतल्या.

चेष्टा असती तर हसले असते. हसले नाहीत म्हणजे मनापासून म्हणाले. टॅक्सीवाल्यानं विचारलं तर तो प्रश्न तरी असतो. यांनी हुकूमच दिला.

आपल्याकडे म्हणतात, लोक नावं ठेवतात. इथं एकच ठेवलं, पुरेसं झालं.

११ जुलै

पुष्पवल्लीला सांगितलं. ती म्हणाली, "बरंय की गं. माझ्यापेक्षा तरी बरं." हिलासुद्धा कळत नाही! इथंच जन्मलीस बाई, तुला कोण विचारतंय कधी जाणार म्हणून.

मराठीत ऐकलं तर 'बालिका' वाटतं, असा विचार करून हसायचा प्रयत्न केला. जमलं नाही.

टोळी सोडायची नाही. सोडली तर त्यांचंच खरं होईल. राहायचं, आणि उट्टं काढायचं.

१७ जुलै, बुधवार

सुंठीवाचून खोकला गेला! व्हिन्सेंटनं स्वतःहून सुरी माझ्या हातात दिली. गोलात म्हणाला, नाव मिळालं की ससा व्हायचं, एकतीस तारीख बालिकची.

सू यिन अँटी मदतीला येते म्हणाली, पहिल्यांदा एकट्यानं करू नये म्हणे. नको म्हटलं. फार गोड बोलून नको म्हटलं.

घरी येईपर्यंत गालातल्या गालात हसत होते.

२१ जुलै, रविवार

गावाबाहेर, तंबुनच्या पलीकडे जागा पाहून आले. चुन्याचा डोंगर, पायथ्याला पाम तेलाचा मळा, मागे कथलाच्या जुन्या खाणीचं तळं. फाट्यावर दोन वाटा. डावी खाली मळ्यातून जाते, सपाट, सू यिन अँटीलाही झेपेल. ती खरी. उजवी डोंगरावर चढते. खडा चढ, नुसता पाहून व्हिन्सेंटची मान ताठ होईल. वर गेलं की पलीकडच्या उतारावर वेताची जाळी. काटे आकड्यासारखे, कपडे धरले की सोडत नाहीत.

उजवीकडे पट्ट्या टाकायच्या. आधी दाट, मग विरळ, मग जाळीत नेऊन संपवायच्या. आणि शेवटी फुली टाकायची नाही.

पुष्पवल्लीनं पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, सशानं काहीही करावं, चिखलातून न्यावं, नाल्यातून न्यावं, पण खोट्या वाटेला फुली टाकलीच पाहिजे. फुली म्हणजे सशाचा शब्द. त्याशिवाय कुणी कुणाच्या कागदावर विश्वास ठेवून जंगलात शिरेल का?

नाही शिरणार. म्हणूनच.

काटे अंगात घेऊन, जळवा झटकत, शेवटून पहिला येऊ दे. बर्फाची लादी मी स्वतः उचलून आणीन. आणि सगळ्यांसमोर विचारीन, काय बॉस, बालिक जमलं नाही?

२४ जुलै

आज धावले नाही, पाऊस फार. दुकानातून कागदाच्या पट्ट्यांची पिशवी आणली. घरमालकिणीनं विचारलं कशाला. म्हटलं, एकाची वाट लावायला. तिला कळलं नाही.

३१ जुलै, दुपारी

अर्धी रजा टाकून वाट आखून आले. उजवीकडची शेवटची पट्टी वेताला स्वतःच्या हातानं अडकवली. पिशवीत फुलीपुरता कागद उरला होता. मुठीत धरून क्षणभर उभी राहिले.

पिशवीत परत टाकला.

१ ऑगस्ट

सगळं नीट लिहायचंय.

काल सहा वाजता सुटले सगळे. ससा म्हणून मी गाड्यांपाशी, बर्फाजवळ. फाट्यावरून व्हिन्सेंटचा आवाज आला, "मी वर बघतो!" अगदी ठरल्याप्रमाणे. तासाभरानं एकेक जण मळ्यातून येऊ लागला. वाट छान म्हणत होते. सू यिन अँटीसुद्धा आली, बूट कोरडे. मी मोजत नव्हते, नुसती व्हिन्सेंटच्या पिवळ्या बनियनची वाट पाहत होते. ते आलं नाही तसतसं मला बरं वाटत होतं. खोटं का लिहू, फार बरं वाटत होतं.

ऊन डोंगरामागे गेलं. पामच्या मळ्यात अंधार लवकर उतरतो. हॉर्न वाजवून झाले. फोन त्याचा गाडीतच. दंतवैद्य म्हणाला, फुली पाहून परतला असता तर एव्हाना यायला हवा होता. कुणीच माझ्याकडे संशयानं पाहिलं नाही. सशावर कोण संशय घेणार!

मग सू यिन अँटी खुर्चीत बसल्या बसल्या म्हणाली, "घाबरता कशाला? आपल्याकडे बालिक आहे ना."

मी म्हटलं, म्हणजे?

तिनं माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी स्वतःचं नाव विसरले. म्हणाली, "बालिक माझा नवरा होता. वीस वर्षं तो शेवटून धावला. कुणी मागे राहिलं, कुणी चुकलं, की हा मागे फिरून त्याला आणायचा. स्वतः कधी पहिला आला नाही. तो गेल्यावर ते नाव आम्ही कुणाला दिलं नाही. तू पहिल्याच दिवशी माझ्या बुटासाठी मागे फिरलीस. व्हिन्सेंट तेव्हाच म्हणाला होता मला, ही त्याच्यासारखीच. पण ते नाव हिला देऊ का, हे विचारायला धीर झाला नाही त्याला. महिना लावला पठ्ठ्यानं."

कुणी हसलं नव्हतं. अँटीनं चेहरा पुसला होता.

माझे पाय आपोआप निघाले. दंतवैद्य टॉर्च घेऊन मागून येत होता, मी त्याला फाट्यावरच थांबवलं. वाट मला एकटीला माहीत होती. माझीच होती ती.

चढताना पट्ट्या टॉर्चमध्ये पांढऱ्या दिसत होत्या, आणि प्रत्येकीचा मला राग येत होता. "व्हिन्सेंट!" म्हणून ओरडत होते. पलीकडच्या उतारावर, जाळीच्या बऱ्याच अलीकडे, वाटेवर काहीतरी पिवळं दिसलं. त्याचं बनियन. फाडून दोन पट्ट्या केलेल्या, वर दगड ठेवलेले. फुली.

खाली जाळीतून आवाज आला, "पुढे येऊ नकोस, काटे आहेत. बाजूनं ये."

उघडा बसला होता, अंगभर ओरखडे, एक पाय सुजलेला. वर त्या फुलीपर्यंत रांगत जाऊन परत घसरला होता. मी विचारलं, ती फुली कशाला? म्हणाला, "मागून कुणी आलं तर? सगळ्यांचेच पाय मोडायचे का?" मग हसला. "तूच येणार माहीत होतं. म्हटलं, बालिक येईल."

खांद्यावर त्याचा हात घेऊन उतरले. वाटेत मी पाच-सहा वेळा बोलायला तोंड उघडलं. तो प्रत्येक वेळी म्हणाला, पाय बघ, दगड आहे.

३ ऑगस्ट

हाड मोडलं नाही, मुरगळलंय. पुष्पवल्लीकडून कळलं. मी फोन करू शकले नाही.

घरमालकिणीनं विचारलं, बालिक कधी? मी दार लावून घेतलं.

७ ऑगस्ट, बुधवार

व्हिन्सेंट कुबडी घेऊन आला. गोल जमला, गेल्या बुधवारच्या सशाचा निवाडा सुरू झाला. दंतवैद्यानं विचारलं, त्या उजव्या वाटेला फुली होती का? मी सांगायला उठले. सगळं. व्हिन्सेंटनं कुबडी आडवी धरून मला बसवलं. म्हणाला, "होती की. पिवळी. मी स्वतः पाहिली. माझीच चूक, बसवा मला बर्फावर."

बसला, आणि माझ्याकडे एकदाही पाहिलं नाही.

गाडीत पुष्पवल्लीला म्हटलं, मला हे नाव परत द्यायचंय. ती म्हणाली, ठेवलेलं नाव परत घेत नाहीत.