नाकोबाची निवृत्ती

तीर्थस्वरूप मामांना,

दोन पायांच्या भाच्याचा आणि चार पायांच्या नाकोबाचा नमस्कार. तुमचा गुडघा काय म्हणतो? परसातल्या पाल्याचं ते घरी काढलेलं हिरवं तेल अजून लावता ना? मामींचा खोकला थांबला असेल. इकडे सगळे बरे आहेत. म्हणजे तुमची भाचेसून रागावली आहे, पण तब्येत उत्तम आहे.

नाकोबा तुम्हाला आठवतच असेल. मागच्या वर्षी तुम्ही मला भेटायला पोलीस ठाण्यात आलात, तेव्हा तो तुमच्या पिशवीपुढे बसला तो उठेचना, आणि सगळे म्हणाले, याला वडीलधाऱ्यांचा भारी लळा. त्याचं काम एवढंच: सामान हुंगायचं, अमली पदार्थाचा वास आला की खाली बसायचं आणि माझ्याकडून चेंडू घ्यायचा. तो बसला की मी सामान उघडायचो. सात वर्षं कायद्याला एवढं कारण पुरत होतं. आता नवा कायदा आलाय. मोठ्या माणसाने घरापुरता थोडा गांजा लावला किंवा ठेवला तर गुन्हा नाही. पण नाकोबा गांजालाही बसतो आणि पांढऱ्या पावडरीलाही, दोन्हीकडे त्याच रुबाबात. (त्याला कायदा कोण वाचून दाखवणार?) मग तो बसला म्हणजे गुन्हा असेलच, हे कशावरून?

मी म्हटलं, गांजा विसरायला लावू. महिनाभर गांजाच्या डब्यापुढे बसला की चेंडू द्यायचा नाही, असं चालवलं. त्याचा समज झाला की मलाच नीट दिसत नाहीये. तो आणखी ताठ बसू लागला, मग पंजाने डबा माझ्याकडे सरकवू लागला, आणि शेवटी त्याच्या नजरेत माझ्याविषयी कीव दिसायला लागल्यावर मी नाद सोडला.

तेवढ्यात कोर्टात गादीवाल्याची तारीख लागली. कायदा लागू झाल्याच्या पहिल्याच आठवड्यात नाकोबा बसला म्हणून आम्ही त्याची एक गादी उसवली होती आणि आत दोन किलो पावडर निघाली होती. (कापूस त्याहून कमी निघाला.) त्याच्या वकीलबाईंनी विचारलं, कुत्रा नेमका कशाला बसला होता? जज्जसाहेबांनी चष्मा काढून मला विचारलं, त्याला दोन वासांतला फरक कळतो का? मी शपथेवर होतो.

"साहेब, त्याला कळतो. त्याने कुठला वास सांगितला, ते मला कळत नाही."

झडती बेकायदा ठरली, पावडर पुराव्यातून बाद झाली आणि गादीवाला सुटला. जाताना नाकोबाला थोपटून गेला. माझा तिळपापड झाला. पण गंमत बघा, घरी येताना मला आठवत राहिल्या त्या सात वर्षांत उघडलेल्या पिशव्या, ज्यांत नुसते कपडे निघाले. त्या माणसांना मी साधं "माफ करा" तरी म्हटलं होतं का? वकीलबाई चुकीचं बोलल्या नव्हत्या, आणि हे मला अजून पचलेलं नाही.

आता गांजा न शिकलेला नवा कुत्रा येतोय आणि नाकोबाने महिनाअखेर जागा सोडायची आहे. कोणी नेलं नाही तर तो मागच्या पिंजऱ्यात राहील, बिनकामाचा. आमचा घरमालक पोपटसुद्धा ठेवू देत नाही. भाचेसुनेचा राग खरा त्याच्यावर आहे, पण तो खालच्या मजल्यावर राहतो आणि मी समोर बसतो. मामा, नाकोबाला पिंजऱ्यात मला बघवणार नाही.

मामींना नमस्कार.

तुमचा भाचा

ता. क. तुमचं अंगण मोठं आहे. रविवारी त्याला घेऊन येतो. नाही म्हणण्याआधी पुढचा ता. क. वाचा.

आणखी एक ता. क. लळाबिळा काही नव्हता. तुमच्या तेलाच्या बाटलीचं बूच सैल होतं. त्या दिवशी मी पिशवी न उघडता त्याला ओढत बाहेर नेलं. नव्या कायद्याने तुम्ही सुटलात आणि त्याची नोकरी गेली. अख्ख्या नोकरीत ड्युटीवर तो बरोबर बसला आणि चेंडू मिळाला नाही, असं त्या एकाच दिवशी झालं. चेंडू सोबत आणतो. तो परसात तुमच्या झाडापुढे जाऊन बसेल, तेव्हा तुमच्या हाताने द्या.