न तपासलेला तुकडा

३ मार्च

चि. धाकट्यास अनेक आशीर्वाद.

एवढ्याशा कातडीत बघण्यासारखं काय असतं, असं तू सर्जरी शिकायला लागलास त्या वर्षी म्हणाला होतास. तेव्हा मी हसले होते.

आज आपली माई तुझ्या भाच्याला घेऊन माझ्या लॅबमध्ये आली. मागच्या वर्षी तूच त्याची लघवीच्या जागेवरची घट्ट कातडी काढलीस. आता धार दोऱ्याएवढी झालीय. पोराला शाळेच्या बाथरूममध्ये इतका वेळ लागतो की बाई त्याला कामचुकार म्हणतात. माईच्या फाइलमध्ये गोळ्यांची चिठ्ठीसुद्धा जपलेली आहे, काढलेल्या कातडीच्या तपासणीचा रिपोर्ट तेवढा नाही. तो तुकडा कुठे पाठवलास? मी शेजारच्याच इमारतीत बसते, साहेब. शिपायाला चार मिनिटं लागतात.

तुझ्यावर अजून माया असलेली,
अक्का

८ मार्च

ती. अक्कास सा. न. वि. वि.

तुझं पत्र की पोलिसांची नोटीस? तुकडा बादलीत गेला. साधी घट्ट कातडी होती, नुसत्या डोळ्यांना दिसत होतं. सिस्टरने बाटली पुढे केली होती, मीच नको म्हटलं. उठसूट सगळं पाठवलं तर तुझं टेबल मोडेल. जखम सुरेख भरली होती. पुढे स्वच्छता राहिली नसणार. माईला फोनवर तसं स्पष्ट सांगितलंय. रडली, पण कुणीतरी सांगायला हवंच ना?

राग आलाच तर अर्धाच यावा.
धाकटा

२९ मार्च

चि. धाकट्यास आशीर्वाद, हात आखडता घेऊन.

दुसऱ्या सर्जनने लघवीचं तोंड मोकळं करताना तांदळाच्या दाण्याएवढा तुकडा घेतला आणि, काय हे आश्चर्य, बाटलीत घालून पाठवला! सूक्ष्मदर्शकाखाली त्याचे काप मी पाहिले. भाचा आपलाच, म्हणून सहकाऱ्यालाही दाखवले. वरचा थर पातळ, खाली फिकट, घट्ट पट्टा. लायकेन स्क्लेरोसस. पांढरे वण पाडत आत सरकणारा आजार. तो अस्वच्छतेने होत नाही आणि साबणाने जात नाही. पहिला तुकडा तपासला असता, तर मलम वेळेवर मिळालं असतं, पोरावर नजर राहिली असती, तोंड आवळायला लागताच कळलं असतं. पण तुझे डोळे पडले दिव्य.

पोर आता सुधारतंय. माई नाही. त्याचे कपडे दोनदोनदा उकळते, हात सोलून निघालेत. आजाराचं नाव मी तिला समजावलं. ती म्हणते, भाऊ उगाच कशाला बोलेल?

तिला दोन ओळी लिही: ‘तुकडा न तपासता मी टाकला. तुझी काही चूक नव्हती.’ कोरा कागद आणि तिचा पत्ता घातलेलं, तिकीट लावलेलं पाकीट सोबत आहे.

तू लिहिणार नाहीस, माहीत आहे मला. तरी लिही.

अक्का