झैतूनच्या वाट्याचा चेहरा

अल्लाचं नाव घेऊन मी, रुकिया बिंती मबारक, वय एकाहत्तर, धंदा लग्नाचे फोटो काढणे, राहणार जुनं शहर, मोम्बासा, कोणाच्याही दडपणाशिवाय हे लिहून ठेवते. गुडघे गेले आहेत, डोकं शाबूत आहे.

१. राहतं घर आणि दुकान शरियतीप्रमाणे मुलगा हमादी याचं. "आई, मोबाईलच्या जमान्यात तुझ्या स्टुडिओच्या पडद्याला कोण विचारतं?" असं तो म्हणाला होता. दुकानाचं काय करायचं ते त्याने करावं, मला विचारायला कबरीवर येऊ नये.

२. मालमत्तेच्या एक तृतीयांशावर शरियतीत माझी मर्जी चालते. तो हिस्सा, कॅमेऱ्यासकट, नात झैतून हिला. तिची आई, माझी मुलगी मुनीरा, माझ्याआधी गेली, म्हणून वाटणीत पोरीला काहीच येत नाही.

३. निगेटिव्ह शोधू नयेत, एकही नाही. लग्नातल्या कुपाम्बाच्या रात्री नवरी बुइबुई, म्हणजे काळा बुरखा, उतरवून, नटून फक्त बायकांपुढे बसते. तिथे पुरुषाला मज्जाव, म्हणून मला बोलावत. फोटो धुतले की निगेटिव्हसकट सगळे नवरीच्या हातात द्यायचे, हा माझा नेम. त्या नेमावरच घराघरांत मला प्रवेश होता.

मुनीराचे फोटोही मीच काढले. ती कॅमेऱ्यात बघून हसली. हसरी नवरी दिसली की सासरचे म्हणतात, पोर उतावीळ आहे. मी म्हटलं, "डोळे खाली. ओठ मीट."

"आई, आज तरी मला गिऱ्हाईक समजू नकोस," ती म्हणाली आणि तिने डोळे खाली घातले.

निगेटिव्ह तिच्या हाती दिल्या. लग्नाआधी मुलीचा फोटो काढायचा नाही ही आमच्या घरची रीत, तीही मी पाळली होती. झैतूनच्या बाळंतपणात मुनीरा गेली. तिचं ओळखपत्र, त्यावरच्या फोटोसकट, सरकारजमा झालं.

४. जावई अथमान याला काही नाही. मी मुनीराचे लग्नाचे फोटो मागायला गेले तेव्हा तो म्हणाला, "आई, जाळले. उघड्या डोक्याचे फोटो, उद्या कोणाच्या हाती लागले तर? तुम्हीच तर सगळ्यांना बजावायच्या." दुष्टपणाने जाळले असते तर मला रागावता तरी आलं असतं.

झैतून आता नऊ वर्षांची आहे. परवा विचारते, "आजी, आई कशी दिसायची?" निम्म्या शहराच्या नवऱ्या मी टिपल्या, आणि तोंडातून 'छान' एवढंच निघालं. माझ्याही डोळ्यांपुढे मुनीरा नीट येत नाही. खाली घातलेल्या पापण्या तेवढ्या दिसतात.

५. कफन बांधण्याआधी माझं तोंड झैतूनला दाखवावं. पोर घाबरेल म्हणून कोणी तिला बाजूला नेऊ नये. मुनीराचं कपाळ आणि नाक माझ्यासारखंच होतं, असं सगळे म्हणायचे. तिने हवा तेवढा वेळ बघावं. सुरकुत्या मनाने पुसाव्यात. हसू मात्र तिला तिथे सापडणार नाही.

वाचून पाहिलं, माझंच आहे.

(सही) रुकिया बिंती मबारक

साक्षीदार:
ओमार बिन शेबे, शेजारी (सही)
सलमीन बिन हाजी, मुअज्जिन (सही)

मोम्बासा, १४ मार्च २०१२